खानदेशच्या काळ्या दगडात कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड पुरायचा का?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

वीजकेंद्रं, सिमेंट आणि पोलादाचे कारखाने यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ देण्याआधीच पकडायचा, दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली खोल नेऊन ठेवायचा, यावर गेले काही महिने वाचतोय. नॉर्वेत स्लाइपनर या वायूक्षेत्रात हे १९९६ पासून चालू आहे. समुद्रतळाखालच्या वाळूच्या दगडात बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू जात होता, अलीकडे तो कमी झालाय.

पण मला जास्त ओढ आहे ती आइसलंडच्या प्रयोगाची. तिथे २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला होता. वायू राहिलाच नाही, तर गळणार काय?

आणि बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. लळिंगचा किल्ला त्याच्यावर उभा आहे, अजिंठ्याची लेणी त्यात कोरली आहेत. दख्खनचा हा थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलाय. आपल्याकडे भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, वर ६६० चा नवा. मग धूरही इथे आणि दगडही इथे, असं असताना आपण याचा विचार करायचा की नाही?

माझं मत आधीच सांगतो. प्रयोग व्हावा, इथेच व्हावा, पण गावांना विचारून व्हावा. विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

भुसावळ_जंक्शन

वाचतोय. गच्चीवरून दीपनगरच्या धुराच्या चिमण्या दिसतात, त्यामुळे विषय घरचाच आहे.

गारगोटी

तापीकाठ, धागा काढलात हे फार बरं झालं. भूशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं, ते दगडातून हे धातू सोडवतं आणि त्यांच्याशी जुळून कार्बोनेट बनतं. कॅल्साइट त्यातलंच. हे घडलेलं आपल्याकडे डोळ्यांना दिसतं. सावद्याच्या बाजूला विहीर खणताना किंवा खाणीत दगड फोडताना पोकळ्यांमध्ये पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात ना? सावद्याचे झिओलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. त्या पोकळ्या मूळच्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या. नंतर लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्यात झिओलाइट, कॅल्साइट भरत गेलं. स्फटिकावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे दगडात बंद झालेला कार्बन डायऑक्साइड. विद्यार्थ्यांना हा प्रयोग दाखवला की वर्ग जागा व्हायचा.

आता अडचण. आइसलंडचा बेसाल्ट तरुण आहे, त्याची छिद्रं मोकळी आहेत. आपला साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुना, आणि बऱ्याच पोकळ्या याच स्फटिकांनी आधीच बुजलेल्या. लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र असतो, मधला भाग घट्ट. दोन थरांमध्ये अनेकदा तांबडा बोल, म्हणजे तांबड्या मातीसारखा थर असतो. घट्ट भाग झाकणाचं काम करेल, सच्छिद्र भागात वायू मावेल, हे कागदावर पटतं. पण अमुक गावाखाली अमुक खोलीवर किती पोकळी शिल्लक आहे, हे भोक पाडल्याशिवाय कळणार नाही. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. कोयनेला तो सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. थराची जाडी अशी जागोजागी बदलते, म्हणून ५ लाख चौरस किलोमीटरच्या आकड्याने हुरळून जाऊ नये.

केळीबाग_रावेर

गारगोटी सर, माहिती उत्तम. पण तापीकाठ भाऊंनी एक वाक्य पटकन ओलांडलं, "पाण्यात विरघळवून". किती पाण्यात?

मी शोधलं. आइसलंडच्या पद्धतीत एका टनाला सुमारे २५ टन पाणी लागतं. आता हिशेब करा. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण ०.९ ते १ किलो वायू निघतो. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट, म्हणजे ११ हजार टनांच्या आसपास वायू. त्याला पाणी लागेल पावणेतीन लाख टन, म्हणजे साडेसत्तावीस कोटी लिटर. रोज!

उन्हाळ्यात ठिबकवर एकरभर केळीला दिवसाला तीसेक हजार लिटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे एका संचाचा धूर पुरायला नऊ हजार एकर केळीचं पाणी. रावेर-यावलमध्ये बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावे लागतात, मोटारी खाली सोडाव्या लागतात, आणि इथे पाणी जमिनीत धूर मुरवायला वापरायचं? आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा (गोटे-वाळूच्या गाळाच्या) पट्ट्यात पाणी मुरवायची तापी मेगा रिचार्ज योजना लोक किती वर्षं मागतायत ते आधी बघा.

पांझराकाठची

केळीबाग दादांना +१.

माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. धूर पुरायचा कशाला, धूर काढायचाच कशाला? साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत. आपल्याकडे ऊन आणि वारा दोन्ही रग्गड. जो पैसा धूर पुरण्यावर घालायचा तो बॅटरीवर आणि वाहिन्यांवर घाला. वायू पुरायची सोय झाली की कोळशाला आणखी तीस वर्षांचं आयुष्य मिळेल, ही माझी खरी भीती आहे. कॅनडात बाउंडरी डॅम इथे २०१४ साली कोळशाच्या संचावर असं यंत्र बसवलं, खर्च अब्ज डॉलरच्या घरात, आणि ठरवलेलं लक्ष्य वर्षानुवर्षं गाठता आलं नाही.

अहिराणी_माय

जिभाऊ, बठ्ठं समजनं. पन येक सांगा, आमनं पानी बिघडनं ते कोन भरी दी?

बोअरवाला

दगडाचं सगळे बोलताहेत, मी मातीचं सांगतो. आमचा बोअर मारायचा धंदा आहे, वडिलांपासून.

तापीच्या उत्तरेला, चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात, काळा दगड लवकर लागतच नाही. पिवळी माती, वाळू, गोटे, परत चिकण माती, असं सातशे-आठशे फूट गेलं तरी चालूच. कुठे त्याहून खोल. दक्षिणेला अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे गेलात की थोड्या फुटांवर मुरूम, मग मांजऱ्या, मग कडक पाषाण, आणि बिट घासून जातं. म्हणजे 'खानदेशचा दगड' असं एक काही नाही. तापीच्या अल्याड एक गोष्ट, पल्याड दुसरी.

दुसरं. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत उभ्या भिंतींसारखे दगडाचे पट्टे जातात, मैलोगणती. एका बाजूला बोअरला पाणी, दहा पावलांवर पलीकडे कोरडं. गारगोटी सर, त्याला काय म्हणतात? वायू सोडला तर तो त्या भिंतीने अडेल की भिंतीच्या कडेने वर येईल?

गारगोटी

बोअरवाले, तुमचा प्रश्न संशोधकांच्या तोडीचा आहे. त्या भिंतींना डाइक म्हणतात. लाव्हा ज्या भेगांतून वर चढला त्या भेगा गोठून झालेल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यातला डाइकांचा समूह भूशास्त्रात नावाजलेला आहे. डाइकचा गाभा घट्ट असतो, तिथे वायू अडेल. पण कडेला भेगाळलेला भाग असला तर तिथून पाण्याला आणि वायूला वाट मिळू शकते. दोन्ही शक्य आहे. म्हणून डाइकांच्या गर्दीत अशी विहीर खणू नये, एवढं तरी मी आजच ठामपणे सांगेन.

केळीबाग यांच्या पाण्याच्या हिशेबाबद्दल: हिशेब बरोबर आहे, पण पद्धत तीच एक नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वालुला इथे २०१३ साली सुमारे हजार टन वायू पाण्याशिवायच, दाबलेल्या दाट अवस्थेत बेसाल्टमध्ये सोडला. तोही आपल्यासारखाच थरांवर थर रचलेला बेसाल्ट. ३१ अंश तापमान आणि साधारण ७४ पट हवेचा दाब ओलांडला की हा वायू द्रवासारखा दाट होतो. जमिनीखाली ८०० मीटरच्या पुढे तेवढा दाब आपोआप मिळतो आणि जागा शेकडो पटींनी कमी लागते. दोन वर्षांनी गाभ्याचे नमुने काढून पाहिले, तर नंतरच्या अंदाजानुसार ६० टक्क्यांच्या आसपास वायूचं खनिज झालं होतं. आइसलंडपेक्षा कमी, पण पाणी खर्च न करता.

यात धोका थोडा वाढतो हेही सांगितलं पाहिजे. पाण्यात विरघळलेला वायू खाली बसतो. सुटा वायू मात्र आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलका, तो वर यायला बघतो. तो दगड होईपर्यंत डोक्यावरचं झाकण पक्कं हवं.

खान्देशी_पुणेकर

शेजारच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी नाही का चालणार? बुलडाणा, अकोल्याकडचं ते खारट पाणी ना पिण्याला ना पिकाला.

अवांतर: सावद्याचं नाव निघालं आणि बामणोदच्या भरताच्या वांग्यांची आठवण झाली. पुण्यात 'खानदेशी भरीत' म्हणून काय काय खपवतात! काड्यांवर भाजलेलं नाही, बडगीत ठेचलेलं नाही, वर कांद्याची पात नाही.

भुसावळ_जंक्शन

पुणेकर भाऊ, भरताला वेगळा धागा काढा, तिथे दोनशे प्रतिसाद नक्की. कळण्याची पुरी पण घ्या त्यात.

सातपुडा_पायथा

भरीत थंड होतंय तोवर भूकंपाचं बोलू.

तापीचं खोरं हे सोन-नर्मदा-तापी या मोठ्या भंगरेषेत येतं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. ते पाणी खोलवरून वर येतं, म्हणजे खोल जायला-यायला वाटा आहेतच. मार्च १९३८ मध्ये सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला होता. १९९७ चा जबलपूरचा भूकंपही याच लांबच लांब पट्ट्यातला. आणि महाराष्ट्राने ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला पाहिलंय की नुसत्या धरणातल्या पाण्याच्या भाराने, झिरपण्याने काय होऊ शकतं. अमेरिकेत ओक्लाहोमात तेलविहिरींचं सांडपाणी खोल जिरवल्यामुळे भूकंपांची रांग लागली, २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ चा झाला.

जमिनीत दाबाने काहीही ढकललं की भेगांवरचा ताण बदलतो. अल्जीरियात इन सालाह इथे वायू साठवताना वरची जमीन काही मिलिमीटरने फुगलेली उपग्रहातून दिसली आणि २०११ मध्ये वायू सोडणं थांबवलं. मी विरोधक नाही. पण जागा निवडताना भूकंपमापक यंत्रं आधी काही वर्षं बसवलेली असावीत, नंतर नव्हे. आधीची नोंदच नसेल, तर हादरा निसर्गाचा की विहिरीचा हे कोण ठरवणार?

चुलीवरचा_चहा

सर्वांना एक साधा प्रश्न. मुळात धुरातून हा एकटा वायू वेगळा कसा काढतात? धूर तर सगळा एकच दिसतो.

रिअॅक्टर

चहा भाऊ, मी जळगावला रसायन कारखान्यात आहे, सांगतो.

कोळशाच्या धुरात हा वायू फक्त १२ ते १५ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. धूर आधी थंड करून राख, गंधक काढतात. मग उंच मनोऱ्यात अमाइन नावाच्या रसायनाची वरून धार सोडतात, खालून धूर. अमाइन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, बाकीचा धूर निघून जातो. ते भरलेलं अमाइन दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांच्या आसपास तापवलं की वायू सुटा होतो आणि अमाइन परत फिरवता येतं. खरा खर्च या तापवण्याला आहे. त्यासाठी वाफ लागते, ती वीजकेंद्राच्याच वाफेतून घ्यायची. नंतर वायू दाबायला कॉम्प्रेसर. एकूण विजेतली पाचवा ते चौथा हिस्सा वीज यातच जाते. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा, जास्त राख, थंड करायला जास्त पाणी. पांझराकाठच्या ताईंचा मुद्दा इथे भक्कम आहे.

देशात काय चाललंय तेही बघा. मध्य प्रदेशात विंध्याचलला एनटीपीसीने २०२२ मध्ये पकडण्याचं यंत्र सुरू केलं. दिवसाला २० टन, मिथेनॉल बनवण्यासाठी. केळीबाग यांच्या हिशेबाने एका संचाचे ११ हजार टन. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अंतर किती आहे ते कळतं.

म्हणून माझा मुद्दा वेगळा आहे. दीपनगर सोडा, साखर कारखान्यांच्या आसवन्या घ्या. मळीचं अल्कोहोल होताना आंबवण्याच्या टाकीतून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो. अमाइन नको, वाफ नको, फक्त वाळवा आणि दाबा. दिवसाला ६० हजार लिटरची आसवनी असेल तर ४५ टन. आणि हा वायू उसाने हवेतूनच घेतलेला, त्यामुळे तो पुरला की हवेतला कार्बन खरोखर कमी होतो. कोळशाचा पुरला तर फक्त वाढायचा थांबतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये डिकेटर इथे मक्याच्या इथेनॉलचा वायू २०११ ते २०१४ मध्ये दोन किलोमीटर खोल वाळूच्या दगडात घातला, जवळपास दहा लाख टन.

चुलीवरचा_चहा

म्हणजे सोडावॉटरवाल्यांना देतात तोच वायू?

रिअॅक्टर

तोच. सोडा, अग्निशामक नळकांडी, सुका बर्फ, सगळीकडे जातो. पण बाटली उघडली की तो परत हवेत. साठवण मोजायची तर जमिनीखालचीच.

केळीबाग_रावेर

४५ टन असेल तर पाण्याच्या पद्धतीनेसुद्धा रोज ११ लाख लिटर, सदतीस-अडतीस एकर केळीचं पाणी. यावर बोलता येईल. शिवाय आसवनीकडेच थंड करून उरलेलं पाणी असतं, ते शुद्ध करून वापरलं तर आमच्या विहिरीकडे बोट दाखवायची गरज नाही. दीपनगरच्या आकड्यावर मात्र माझा विरोध कायम.

वाडीतली_लेक

गळतीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

हा वायू हवेपेक्षा जड असतो, रंग नाही, आणि त्याच्या वासाने सावध व्हावं म्हटलं तर तोही नाही. आपल्या आजोबांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. धान्याचं पेव उघडलं की लगेच आत जायचं नाही, तोंड उघडं टाकून थांबायचं, कारण दाणा आत श्वास घेतो आणि वायू साठतो. पेवात माणसं गेलेली आपण ऐकली आहेत. केळी पिकवायच्या खोल्यांमध्येसुद्धा ठरावीक वेळाने दार उघडून हवा खेळवतात. केळी पिकताना हाच वायू सोडते, तो साचला तर पिकणं मंदावतं आणि आत जाणाऱ्या माणसाला घेरी येते.

आता मोठ्या प्रमाणावर बघा. २१ ऑगस्ट १९८६ ला कॅमेरूनमध्ये न्योस तलावाच्या तळाशी साठलेला वायू रात्री एकदम बाहेर पडला, दरीत उतरला, आणि सतराशेच्या वर माणसं झोपेतच गेली. तो निसर्गाचा होता. अमेरिकेत मिसिसिपीत सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० ला मात्र कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. पावसाने उतार खचला होता. दोनशेच्या वर लोक हलवावे लागले, ४५ जण रुग्णालयात गेले, आणि प्राणवायू नसल्याने गाड्यांची इंजिनं बंद पडली, त्यामुळे पळताही येईना.

किलोमीटरभर खोल बेसाल्टमधून असा एकदम स्फोट होणं फार अवघड आहे, हे मला मान्य आहे. धोका आहे तो वरच्या पाइपमध्ये आणि विहिरीच्या तोंडाशी. तापीच्या काठाचे उतार, पावसाळ्यात खचणारे नाल्यांचे काठ, सखल भागातली वस्ती यांतून पाइप न्यायचा असेल तर मी विरोध करेन. कारखान्याच्या आवारातच विहीर असेल, पाइप शंभर-दोनशे मीटरचाच असेल आणि गावात वायूमापक व भोंगा बसवलेला असेल, तर ऐकून घेईन.

बोअरवाला

ताईंनी पेवाचं बरोबर सांगितलं. बोअर मारणाऱ्या पोरांनाही मी जुन्या विहिरीत कंदील सोडल्याशिवाय उतरू देत नाही.

आणि एक राहिलं. नवी विहीर सिमेंटने नीट बंद होईल, धरून चालू. पण आजूबाजूला सोडून दिलेले जुने बोअर किती? केसिंग काढून नेलेली, तोंडावर दगड ठेवलेली भोकं शेताशेतांत आहेत. ती बहुतेक उथळ, किलोमीटरपर्यंत जात नाहीत, हे खरं. पण कुठे किती खोल गेलंय याची नोंद शेतकऱ्याच्या डोक्यात आणि आमच्या वहीत. सरकारी कागदावर फार थोडी.

कोर्टाची_पायरी

मी धुळ्याला वकिली करते. जमिनीच्या मालकीचा प्रश्न अजून कोणी काढला नाही याचं नवल वाटलं.

शेत माझं, सातबारा माझा. त्याच्या एक किलोमीटर खालच्या पोकळीत दुसऱ्याने वायू भरला तर ती पोकळी कोणाची? आपल्याकडे पाण्यासाठी महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ आहे. त्यात साठ मीटरच्या खाली गेलेल्या विहिरीला खोल विहीर धरलं आहे. पण वायू साठवण्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. नीती आयोगाचा याच विषयावरचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, त्यात देशभरात ४०० ते ६०० अब्ज टनांच्या साठवणक्षमतेचा अंदाज आहे. अंदाज मोठा आहे, पण अहवाल म्हणजे कायदा नव्हे.

युरोपात २००९ चा निर्देश आहे. साठवण बंद केल्यावरही कंपनीची जबाबदारी संपत नाही. साधारणपणे किमान वीस वर्षं देखरेख, वायू स्थिर झाल्याचा पुरावा, आणि मगच जबाबदारी सरकारकडे. देखरेखीचे पैसे कंपनीने आधीच बाजूला काढून ठेवायचे. अमेरिकेत अशा विहिरींना पिण्यायोग्य पाण्याच्या सर्वांत खालच्या थराच्याही खाली जावं लागतं, आणि दहा हजार मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी क्षार असलेलं पाणी तिथे असं जपण्याजोगं धरतात. वायू सोडणं थांबल्यानंतरची देखरेख एरवी पन्नास वर्षं. एवढे नियम असूनही डिकेटरला देखरेखीच्या एका विहिरीतून गळती झाल्याचं २०२४ मध्ये बाहेर आलं.

अहिराणी_माय यांचा एका ओळीचा प्रश्न म्हणूनच मला या धाग्यातला सर्वांत मोठा वाटतो. पाणी बिघडलं तर भरपाई कोण देणार, याला आज आपल्या कायद्यात नेमकं उत्तर नाही. कंपनी वीस वर्षांनी दिवाळखोर झाली तर शेतकऱ्याने कोणाच्या दारात जायचं?

आणि करारात 'बिघडलं' हे सिद्ध कोणी करायचं, तेही लिहून घ्यावं लागेल. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात कारखान्यामागच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं. कारखाना म्हणाला, आधीपासूनच असं होतं. शेतकऱ्याकडे आधीचा एकही पाणीतपासणीचा कागद नव्हता. तिथेच प्रकरण संपलं.

अहिराणी_माय

वकीलताई, तुम्हले समजनं मना म्हननं. आमना गावमा बाया पाच वाजाले हंडा लई निंघतस. तेस्ले इचारा पहिले.

पांझराकाठची

रिअॅक्टर यांचा आसवनीचा मुद्दा मला पटण्यासारखा आहे. कोळशाला जीवदान देण्यासाठी नसेल तर माझा विरोध बराच मावळतो. सिमेंटचंही तसंच, असं वाचलंय. चुनखडी भाजताना दगडातूनच वायू सुटतो, सिमेंटच्या एकूण वायूतला निम्म्याहून जास्त तोच. भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो निघणारच. अशा ठिकाणी पुरण्याला खरा अर्थ आहे. पण विजेसाठी नको, विजेला ऊन आहे.

युरोपने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम वगैरे आयातीवर कार्बनचा आकार लावायला सुरुवात केली आहे. त्यामुळे आता मोठे उद्योग जागा शोधत फिरतील. ते आपल्या दारात येतील तेव्हा आपल्याकडे प्रश्नांची यादी तयार हवी.

गारगोटी

ताई, शंभर टक्के.

पुणेकरांचा खारपाणपट्ट्याचा मुद्दा राहिला होता. कल्पना चांगली आहे, पण तिथलं खारं पाणी गाळात आहे, आणि त्याच गाळात खालीवर गोड पाण्याचेही थर सापडतात. उपसा वाढवला तर दोन्ही मिसळायची भीती. त्यापेक्षा वायू जिथे सोडायचा त्याच खोल थरातलं पाणी उपसून, त्यात वायू विरघळवून परत तिथेच सोडणं बरं. वरच्या पाण्याला हात लागत नाही.

बेसाल्टच्या खाली काय, हेही विसरू नका. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेने नर्मदा-तापी भागात भूभौतिक सर्वेक्षणं केली, त्यांवरून बेसाल्टखाली जुने गाळाचे खडक दडलेले असावेत असं दिसतं. तसे असतील तर स्लाइपनरसारखी जागा खाली आणि बेसाल्टचं झाकण वर, अशी रचना मिळू शकते. मात्र तेवढ्या खोल जायला तेलविहिरीएवढा खर्च.

सातपुडा_पायथा

सर, मग तेवढा खर्च करायच्या आधी एक-दीड किलोमीटरचं नुसतं तपासणीचं भोक पाडावं. वायू सोडायचाच नाही. गाभा काढा, पोकळी मोजा, खोलीवरच्या पाण्याचे क्षार मोजा, भूकंपमापक बसवा. एवढ्याने कोणाचं नुकसान नाही, आणि दगड लायक नसेल तर विषय तिथेच मिटतो.

तापीकाठ

सातपुडा भाऊंशी सहमत. दीपनगरचा विचार मी बाजूला ठेवतो, केळीबाग यांच्या नऊ हजार एकरांना माझ्याकडे उत्तर नाही. पण आसवनीच्या आवारात, डाइकांपासून लांब, आधी नुसतं तपासणीचं भोक आणि नंतर थोडा वायू, एवढ्यासाठी मी कोणाशीही बोलायला तयार आहे. त्याआधी वकीलताईंनी सांगितलेली गोष्ट आपण आपल्या हाताने करू शकतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा, आपापल्या विहिरीचं पाणी तपासून कागद जपून ठेवायचा. सामू, एकूण क्षार, बायकार्बोनेट, लोह, मॅंगनीज, एवढं तरी त्यात हवं. पाण्यात वायू शिरला तर सामू उतरतो आणि लोह, मॅंगनीज वर येतं, त्यामुळे याच आकड्यांत आधी फरक दिसेल. प्रकल्प आला नाही तरी कागद कामालाच येईल.

बोअरवाले, तुमच्या वहीतल्या थरांच्या नोंदी गावाच्या नावानिशी इथे टाकता येतील का? शेतकऱ्याचं नाव नको, फक्त गाव, खोली आणि कोणता थर.

बोअरवाला

टाकतो. वडिलांच्या वह्या मोडीसारख्या अक्षरात आहेत, वाचायला वेळ लागेल. सुरुवात यावल तालुक्यापासून करतो. पारोळा, एरंडोलकडचं कोणाकडे असेल तर त्यांनीही टाका, तिकडे आमच्या गाड्या कमी गेल्यात.

केळीबाग_रावेर

माझ्या तीन बोअरचं लिहून देतो. पाण्याचा नमुना सोमवारी तालुक्याला जातोय, त्यात लोह-मॅंगनीज पण तपासायला सांगतो.

अहिराणी_माय

मना हिरनं पानीबी लई जा भाऊ, बाटली भरी ठेवस.